खांद्यावरची पताका की किल्ल्यावरचं निशाण? आपला तिरंगा नेमका कुणाचा

15 ऑगस्टच्या रात्री साडेनऊ वाजता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गेटजवळच्या खांबावर झेंडा तसाच फडकत होता आणि खाली एकच ओळ होती : "सूर्यास्त होऊन अडीच तास झाले. लाज वाटली पाहिजे." मग जे व्हायचं ते झालं. कुणी वॉचमनला दोष दिला, कुणी कमिटीला. एका मुलीनं नियम बदलल्याची बातमी टाकली, त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "कायदा काहीही म्हणो, आम्ही लहानपणापासून संध्याकाळी उतरवतोय" असं ठणकावलं. अकरा वाजता दोघे जण टॉर्च घेऊन खाली गेले आणि झेंडा उतरवून आले.

गंमत म्हणजे बरोबर ती मुलगी होती. जुलै 2022 पासून घरावर किंवा उघड्यावर लावलेला झेंडा दिवसरात्र ठेवता येतो. पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटला. एवढं भांडण झालं, त्यात प्रत्येक जण झेंड्याच्या बाजूनंच बोलत होता. तरी प्रत्येकाच्या मनातला झेंडा वेगळा होता. एकाला तो शिस्तीचा वाटत होता, एकीला आपल्या हक्काचा, काकांना शाळेच्या आठवणीचा. एकाच कापडात हे सगळं कसं मावतं, ते समजून घ्यायला मी बसलो.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. मराठीत झेंड्याला किती शब्द आहेत बघा : ध्वज, निशाण, बावटा, पताका, जरीपटका. यातले दोन मला महत्त्वाचे वाटतात. निशाण किल्ल्यावर लागतं. किल्ला घेतला की पहिलं काम म्हणजे आपलं निशाण चढवणं. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि "अटकेपार झेंडे लावणं" हा वाक्प्रचार आपल्याला मिळाला. आजही घरी उशिरा आलेल्या मुलाला आई विचारते, "काय मोठे झेंडे लावून आलास?" हा झेंडा सत्तेचा. हा मुलूख आमचा, एवढंच तो सांगतो.

दुसरा शब्द पताका. आषाढीला दिंडीत सगळ्यात पुढे पताकाधारी वारकरी चालतात. खांद्यावर भगवी पताका, पायात धुळीनं भरलेल्या चपला. ती पताका कुठलाही गड जिंकायला निघालेली नसते. आम्ही कोण आणि कुठे निघालो आहोत एवढंच ती सांगते, आणि मागच्याला वाट दाखवते. निशाण चढवायला सत्ता लागते, पताकेला खांदा असला की पुरतं.

आपला तिरंगा जन्मला तो पताका म्हणून. नंतर तो निशाण झाला. आणि नागरिकाला तो पुन्हा खांद्यावर घेता यावा यासाठी कोर्टात भांडावं लागलं. राष्ट्राभिमान म्हणजे काय, या प्रश्नाचा बराचसा उलगडा या प्रवासात होतो.

देश नसताना झेंडा

1907 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका पारशी घराण्यातल्या भिकाईजी कामा यांनी जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत एक झेंडा उलगडला. हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे, मध्ये देवनागरीत "वंदे मातरम्". तेव्हा भारत नावाचा स्वतंत्र देश नव्हता. ज्याला सलाम करायला एकही सरकारी इमारत नाही असा झेंडा त्यांनी परक्या देशात, परक्या लोकांसमोर धरला. तो पुढे लपवून भारतात आणला गेला आणि पुण्यात केसरीवाड्यात जपला गेला.

पण पताका म्हणजे काय हे बघायचं तर नागपूरला जायला हवं. 1923 साली नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. सिव्हिल लाइन्स ही साहेबांची वस्ती, आणि तिथून झेंडा घेऊन मिरवणूक न्यायची नाही असा हुकूम होता. 1 मे पासून स्वयंसेवकांच्या छोट्या तुकड्या रोज झेंडा घेऊन निघायला लागल्या. पोलीस अडवायचे, पकडायचे, शिक्षा व्हायची. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तयार. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली. देशभरातून लोक रेल्वेनं नागपूरला येत होते ते केवळ झेंडा धरून शंभर-दोनशे पावलं चालायला आणि मग तुरुंगात जायला. हजाराहून जास्त माणसं पकडली गेली. शेवटी 18 ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

यात एक बारीक गोष्ट आहे. तो झेंडा आजचा नव्हता. त्यात केशरी रंगच नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. म्हणजे ज्या झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले तो झेंडा आपण आज ओळखणारही नाही. त्यांना तो ओळखीचा होता, कारण तो धरायला मनाई होती.

1942 मध्ये हेच पुन्हा दिसतं. 9 ऑगस्टला नेते पकडले गेल्यावर मुंबईत गवालिया टँक मैदानात अरुणा असफ अली यांनी झेंडा फडकवला. बरोबर महिन्यानं, 9 सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत होता. गोळीबारात तो गेला, त्याच्याबरोबर आणखी चार मुलं गेली. त्याला सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. नंदुरबारच्या बाहेर आपण हे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचून पुढे सरकतो.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळ्या प्रकारे माहीत असतं. 15 ऑगस्ट 1947 ला मुंबई-पुण्यात पेढे वाटले जात होते, तेव्हा औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे निजामाच्या राज्यात होते. तिथे तिरंगा फडकवणं हा त्या दिवशीही गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी तो फडकवायची हाक दिली आणि त्यांना अटक झाली. मराठवाड्याला झेंडा मोकळेपणानं लावता आला तो 17 सप्टेंबर 1948 नंतर. म्हणून तिथे वर्षातून एक जास्तीचं झेंडावंदन असतं, आणि ते बाकी महाराष्ट्राच्या सहसा लक्षातही नसतं. गोव्याची वाट आणखी लांब. 15 ऑगस्ट 1955 ला महाराष्ट्रातून आणि देशाच्या इतर भागांतून सत्याग्रही तिरंगा घेऊन हद्द ओलांडत होते, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. पत्रादेवीला आजही त्यांचं स्मारक आहे. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला.

रंगांचा अर्थ कुणी ठरवला?

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलं आहे : केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. परीक्षेत याला तीन मार्क असायचे. आता थोडं मागे जाऊ.

1921 मध्ये बेझवाड्याला (आजचं विजयवाडा) काँग्रेसची बैठक होती. तिथे पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यातून तयार झालेल्या झेंड्यात तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा असं उघड गणित होतं. असं वाटप केलं की पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. शीख म्हणाले, आमचा रंग कुठे? ज्याचा रंग त्याचा हिस्सा, असा हिशोब सुरू झाला.

म्हणून 1931 मध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आपले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. या समितीनं काय सुचवलं ते आज बहुतेकांना खरं वाटणार नाही : संपूर्ण केशरी रंगाचा एकरंगी झेंडा, कोपऱ्यात चरखा. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समिती बसली आणि तिनं ही सूचना बाजूला ठेवून तीन रंगच घेतले, वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. बरोबर एक स्पष्टीकरणही जोडलं. या रंगांचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांततेचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा.

म्हणजे आपल्या झेंड्याच्या रंगांना आकाशातून अर्थ मिळालेला नाही. बैठकीत बसून, वाद घालून, ठराव करून तो लावला गेला. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट तेच मोलाचं वाटतं. धर्मांची वाटणी करणारा झेंडा आपल्या हातात होता, आणि माणसांनी शहाणपणानं तो अर्थ सोडून दुसरा निवडला.

पुढे 1947 च्या जूनमध्ये संविधान सभेनं राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली झेंड्यासाठी समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिच्यात होते, सरोजिनी नायडू होत्या. 22 जुलै 1947 ला नेहरूंनी ठराव मांडला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण त्यात रंगांचा अर्थ एका शब्दानंही दिलेला नाही! गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, तिन्ही सारख्या रुंदीचे, मध्ये निळं चक्र, आणि झेंड्याची रुंदी-लांबी साधारण 2:3, बस. अर्थ सांगितले ते भाषणांतून. राधाकृष्णन म्हणाले की केशरी हा विरक्तीचा रंग, म्हणजे पुढाऱ्यांनी स्वतःच्या फायद्याकडे पाठ फिरवावी. पांढरा हा सत्याच्या वाटेवरचा प्रकाश. हिरवा हे आपलं मातीशी आणि झाडाझुडपांशी नातं. आणि चक्र फिरतं, कारण थांबण्यात मरण आहे. पुढाऱ्यांसाठी सांगितलेला विरक्तीचा अर्थ तीन मार्कांच्या उत्तरात कधी आला नाही, हे आपलं माझं एक निरीक्षण.

चरख्याचं चक्र का झालं, याचं कारण अगदी साधं आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरखा एका बाजूनं सरळ तर दुसऱ्या बाजूनं उलटा दिसणार. चाक कसंही फिरवा, चाकच. म्हणून चरख्याचं नुसतं चाक ठेवायचं ठरलं आणि त्याचं रूप घेतलं सारनाथच्या सिंहस्तंभावरच्या 24 आऱ्यांच्या चक्राचं. ठरावात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की हे चाक चरख्याचं प्रतीक आहे. तरी गांधीजींना चरखा गेल्याचं लागलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या माणसानं हा झेंडा घडवला त्यालाच तो शेवटी पूर्ण पटला नव्हता, आणि तरी देशानं तो स्वीकारला. झेंड्यावर मतभेद असणं म्हणजे देशद्रोह, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पताकेचं निशाण होतं तेव्हा

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री संविधान सभेत हंसा मेहता उभ्या राहिल्या आणि भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं त्यांनी झेंडा सभेला भेट दिला. या सभागृहावर फडकणारा पहिला झेंडा स्त्रियांची भेट असावा, अशी ती कल्पना. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा चढवला तो 16 ऑगस्टला. आपण तो क्षण 15 ऑगस्टचा समजतो, पण पहिल्या वर्षी तसं नव्हतं.

आणि एकदा किल्ल्यावर गेल्यावर झेंडा किल्ल्याचाच झाला. मंत्रालय, न्यायालय, कलेक्टर कचेरी, मंत्र्यांच्या गाडीचं नाक. नियमांनी सामान्य माणसाला तो लावायची मुभा 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा मोजक्या दिवशीच ठेवली. हेतू वाईट नव्हता. गल्लोगल्ली लागला तर त्याची आबाळ होईल, अशी भीती होती. पण परिणाम विचित्र झाला. ज्या सामान्य माणसानं झेंडा हातात धरायला तुरुंगवास पत्करला, त्याच्या मुलाला तो स्वतःच्या घरावर वर्षभर लावता येत नव्हता. साहेबाच्या काळात झेंडा लावला म्हणून पकडत. आपल्या काळात चुकीच्या दिवशी लावला म्हणून हटकायला लागले.

हे बदललं ते एका कारखानदाराच्या हट्टामुळे. नवीन जिंदाल अमेरिकेत डॅलसला शिकत होते. तिथे लोक घरावर, दुकानावर, वाटेल तेव्हा आपला झेंडा लावतात हे त्यांनी पाहिलं. परत आल्यावर रायगड नावाच्या गावी (हे आपलं कोकणातलं नव्हे, तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं, आता छत्तीसगडमध्ये आहे) त्यांनी आपल्या कारखान्यावर तिरंगा लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. जिंदाल दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि 1995 मध्ये जिंकले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालाची वाट बघता बघता सरकारनं स्वतःच समिती नेमली आणि 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता आली. मान राखून कुणीही, कुठल्याही दिवशी झेंडा लावू शकतो, असं त्यात आलं. 23 जानेवारी 2004 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्या निकालातली कळीची गोष्ट अशी. झेंडा लावणं म्हणजे काहीतरी बोलणं आहे. म्हणून ते संविधानाच्या कलम 19(1)(अ) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. तुम्ही गॅलरीत तिरंगा लावता तेव्हा तुम्ही सरकारी नियमाचं पालन करत नसता, तुम्ही एक वाक्य उच्चारत असता. बोलायच्या हक्काला मर्यादा असतात तशा यालाही आहेत, अपमान करता येत नाही. पण वाक्य तुमचं आहे. माझ्या मते तिरंगा पुन्हा पताका झाला तो त्या दिवशी.

बोलायचा हक्क, गप्प राहायचा हक्क

आता थोडं कायद्याकडे. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळणं, फाडणं, तुडवणं, शब्दांनी किंवा कृतीनं त्याचा अपमान करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. डॅलसमध्ये 1984 साली एका निदर्शकानं अमेरिकी झेंडा जाळला होता. पाच वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हेही बोलणंच आहे, शिक्षा करता येणार नाही. म्हणजे झेंडा लावण्याचा हक्क ज्या गावातून आपल्याकडे आला, त्याच गावातून जाळण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. आपण पहिला घेतला, दुसरा घेतला नाही. दोन्ही देशांचं स्वतःच्या झेंड्यावर प्रेम आहे, पण कायद्यानं ते कुठवर सांभाळायचं याचं उत्तर दोघांचं वेगळं.

पण आपल्या कायद्यातही एक खुलासा आहे जो फारसा कुणी वाचत नाही. संविधानात, सरकारी धोरणात किंवा खुद्द झेंड्यातसुद्धा कायदेशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा अपमान धरला जात नाही. झेंडा बदलायला हवा, असं शांतपणे म्हणणाराही गुन्हेगार नाही.

आणि केक? मार्च 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. कोइमतूरमध्ये 2013 च्या नाताळला तिरंग्याच्या रंगाचा केक कापला होता म्हणून गुन्हा नोंदवलेला. न्यायालयानं तो रद्द केला. केक खाणाऱ्यांच्या मनात देशाचा अपमान होता का, हे बघायचं असतं, असा त्याचा रोख होता. झेंड्याचा मान हेतूत असतो. हे तत्त्व आमच्या ग्रुपवर टाकायचा मोह मला झाला होता, पण आवरला.

गप्प राहण्याचंही एक प्रकरण आहे, झेंड्याचं नाही, राष्ट्रगीताचं. केरळमधल्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आदरानं उभं राहणं हा आदरच, तोंडातून सूर निघालाच पाहिजे असं नाही. शेजाऱ्याच्या गॅलरीत झेंडा नाही म्हणून त्याच्या देशप्रेमाची चौकशी करणाऱ्यांना हा निकाल उपयोगी पडावा. ज्याला बोलायचा हक्क आहे त्याला न बोलायचाही आहे. जबरदस्तीनं लावलेला झेंडा पताका राहत नाही, तो पुन्हा कुणाच्या तरी किल्ल्यावरचं निशाण होतो.

रोजच्या शंका पटकन उरकतो. केशरी नेहमी वर. झेंडा उभा टांगला तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. जमिनीला, पाण्याला लागू नये. त्यावर काहीही लिहायचं नाही. फडकवण्याआधी आत फुलाच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. कमरेखालच्या कपड्यावर, रुमालावर, उशीवर नको. मोटारीवर झेंडा लावायचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे, त्यामुळे 15 ऑगस्टला बाइकवरून जे मिरवलं जातं ते नियमात बसत नाही. अर्ध्यावर उतरवायचा असेल तर आधी पूर्ण वर न्यायचा आणि मग खाली आणायचा. या शेवटच्या नियमामागचा विचार मला फार आवडतो.

कापडाची गोष्ट

एवढं सगळं बोलून झालं, पण झेंडा शेवटी कापड आहे आणि ते कुणीतरी विणतं. बरीच वर्षं नियम असा होता की झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच हवा. धाग्यांची संख्या, रंगाची छटा, शिवण, दोन्ही बाजूंचं चक्र एकमेकांवर बरोबर बसतं की नाही, याला मानक आहेत. हुबळीजवळ बेंगेरीचं खादी केंद्र यासाठी देशभर ओळखलं जातं. आपल्याकडे ते काम नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होतं, त्यासाठीचं कापड उदगीरला विणलं जातं. ज्या नांदेडात 1947 च्या 15 ऑगस्टला झेंडा लावला तर तुरुंग होता, त्याच नांदेडात आज झेंडे शिवले जातात. शिवणारे हात बऱ्याचदा बायकांचे असतात. हंसा मेहतांनी दिलेल्या भेटीचा हा पुढचा भाग म्हणता येईल, पण त्यांचे फोटो आपण कुठे बघत नाही.

30 डिसेंबर 2021 ला संहिता बदलली. आता यंत्रावर विणलेलं आणि पॉलिएस्टरही चालतं. पुढच्या ऑगस्टमध्ये "हर घर तिरंगा" मोहीम आली आणि खरंच घरोघर झेंडा पोचला, कारण तो स्वस्त झाला होता. बेंगेरीच्या खादीवाल्यांनी निषेध केला. दोन्ही बाजूंना वजन आहे. स्वस्त झेंड्यामुळे झोपडीतल्या पोरालाही तो परवडला, ही साधी गोष्ट नाही. पण झेंड्याचं कापड हातानं कातणाऱ्याला त्या झेंड्यातून चार पैसे मिळावेत, हा चाकाचा मूळ अर्थ होता. तो निसटला आणि चाक तेवढं राहिलं. माझा कौल खादीला आहे, हे कबूल करतो. मात्र आमच्या सोसायटीनं 2022 ला घेतले ते पॉलिएस्टरचेच, कारण खरेदीच्या वेळी मीही कमी किमतीलाच हात वर केला होता.

त्यातला एक यंदाच्या पावसात किनारीला फाटला. कपाटात 1990 च्या दशकातला एक जुना खादीचाही होता, रंग उडालेला, कसरीनं खाल्लेला. अशा झेंड्याचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक घरांत पडतो आणि मग तो माळ्यावर जातो. संहिता सांगते, खासगीत, पूर्णच्या पूर्ण नष्ट करा, शक्यतो जाळून, मान राखून. तेव्हा एका रविवारी पहाटे सेक्रेटरी काका आणि मी गच्चीवर गेलो. काकांनी सिमेंटचं लोखंडी घमेलं घासून आणलं होतं, आणि खिशात कापूर. संहितेत कापूर नाही, पण मी काही बोललो नाही. दोघांनी चपला जिन्यात काढल्या.

खादीचा आधी ठेवला. तो आवाज न करता पेटला आणि दोन मिनिटांत त्याची करडी, हलकी राख झाली. मग पॉलिएस्टरचा. तो जळेनाच. आधी आकसला, मग वितळून थेंब थेंब गळायला लागला, आणि असा वास सुटला की काकांनी उपरणं नाकाला लावलं.

खादीची राख आम्ही गेटजवळच्या कडुनिंबाच्या आळ्यात टाकली. पॉलिएस्टरचा काळा गोळा घमेल्याच्या तळाला चिकटला आहे, कानशीनं खरवडूनही निघत नाही. त्या घमेल्याचं काय करायचं, यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे.